शंका असताना देवाची आज्ञा पाळणं: विश्वास की मनाची फसवणूक?

मागचा_बाक:
रविवारी उपासनेत बायबलमधला लूक ५ झाला. कोळी पेत्र रात्रभर राबला, हाती काही नाही, किनाऱ्यावर जाळी धुतोय. तेवढ्यात येशू म्हणतो, खोल पाण्यात ने आणि जाळी सोड. पेत्राचं उत्तर पहिल्यांदाच नीट ऐकलं. पटलं म्हणून नाही, "तुम्ही म्हणता म्हणून" सोडतो. कंटाळलेल्या माणसाचा आवाज आहे तो. धुतलेली जाळी पुन्हा पाण्यात म्हणजे सगळं काम परत!

बाबा गेल्यापासून माझ्या प्रार्थनेला शब्द फुटत नाहीत. वर कोणी ऐकतंय का, हीच शंका. तरी मागच्या महिन्यात चुलतभावाकडे गेलो. बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद होतं. क्षमा करा असं लिहिलंय, तेवढं मात्र स्वच्छ कळत होतं. वहिनीने चहा टाकला, आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसलो. शंका फिटायची वाट बघितली असती तर अजून बांधावरच उभा असतो.

शंकासुर:
असहमत. पेत्राचं काय गेलं असतं? एक सकाळ. माझ्या मावशीला एका प्रार्थनासभेत सांगितलं, इन्शुलिन घेतेस म्हणजे तुझा विश्वास कच्चा. तिला शंका होती. गिळली. पेनं फ्रिजच्या दारात तशीच पडून राहिली. तिसऱ्या आठवड्यात आयसीयू, पुढे पायाची दोन बोटं काढावी लागली. "शंका असली तरी पाळ" हेच तिलाही ऐकवलं होतं. ती शंकाच देवाने घातली असेल तर?

सियोनकन्या:
मावशींचं वाईट वाटलं. पण वचन सरळ आहे. याकोब १:६, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. अशाला प्रभूपासून काही मिळणार नाही. शंकेचे लाड नकोत.

वसईकर:
ताई, एक ओळ वर जा ना. याकोब १:५ मध्ये मागणाऱ्याला देव दोष न लावता देतो, असंही आहे. आणि मत्तय २८:१७? पुनरुत्थित येशू समोर उभा, अकरा शिष्य नमन करतायत, "पण कित्येकांना संशय वाटला." पुढची मोठी आज्ञा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा ही, त्याच घोळक्याला दिली, संशयवाल्यांना डोंगरावरून खाली पाठवलं नाही. तोमा हा शिष्यही, जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणून हटून बसला होता, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांमध्येच होता. आमच्याकडे लोक आठ तासांत कुजबुज सुरू करतात, तो भाग वेगळा.

केडगाव_लोकल:
शंकासुर, तुमचा राग देवाच्या आज्ञेवर आहे की देवाच्या नावाने हुकूम सोडणाऱ्यावर? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावरून तिथल्या मार्गदर्शक नन सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडाडून भांडल्या. भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ताच उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलं. आणि याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. धर्मगुरूंचं मुकाट ऐकलं नाही. मुलींना मात्र पदराला खार लावून सांभाळलं.

शंकासुर:
रमाबाई संस्कृतच्या पंडिता होत्या हो. बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या. माझी मावशी सातवी पास. देव कोणता आणि माईकवाला कोणता, हे तिने कशावरून ओळखायचं?

सियोनकन्या:
मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं.

शंकासुर:
वडीलधारेच होते ते.

मागचा_बाक:
इथे मी अडलो. एवढंच सांगू शकतो की बांधावर जाताना झळ लागली तर ती मला लागणार होती. मावशींना सांगणाऱ्याची साखर वाढणार नव्हती. मी "पाळा" म्हणताना हा फरक धरला नव्हता, कबूल. मावशी आता चर्चला जातात का?

शंकासुर:
जाते. दुसऱ्या. पर्समध्ये पेन आणि ग्लुकोज बिस्किटं. हात वर करून गाते, मग बाथरूममध्ये जाऊन सुई टोचून येते.