शरीरात बॅटरी हवीच कशाला?

चिंचपोकळीकर:
परवा बाबांचा पेसमेकर दुसऱ्यांदा बदलला. हृदयाकडे जाणाऱ्या तारा जुन्याच ठेवल्या, संपली होती फक्त बॅटरी. पण ती सीलबंद, म्हणून गळ्याच्या हाडाखालचा तोच व्रण पुन्हा उघडून अख्खी डबी बदलावी लागते. वय ८१, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मेट्रोच्या कार्डात कुठे बॅटरी असते? गेटच्या जवळ नेलं की त्याच्याच विजेवर चिप जागी होते. शरीरातली यंत्रं अशीच हवीत. कार्डिओमेम्स नावाचा सेन्सर २०१४ पासून अमेरिकेत मान्य आहे. फुप्फुसाच्या धमनीत बसतो, आत बॅटरी नाही. पेशंट अँटेनावाल्या उशीवर आडवा झाला की दाबाचा आकडा थेट डॉक्टरांकडे.

खडूस काका:
कार्ड चाललं नाही तर मागची रांग ओरडते. पेसमेकर चालला नाही तर कोण ओरडणार? सेन्सर दिवसभर झोपला तरी चालतं, पेसमेकरला झोप नाही. शिवाय कार्ड गेटला जवळजवळ टेकवावं लागतं. छातीत खोलवर तेवढी वीज चोवीस तास पोचवायची कशी? १९५८ साली स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना पहिला पेसमेकर आत बसवला. नंतर वीसहून जास्त बदलले, पण गडी ८६ वर्षं जगला!

सानिकाची आई:
लेकीला ऐकू येत नव्हतं, म्हणून दोन वर्षांची असताना कॉक्लिअर, म्हणजे कानाच्या आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलं. आता दहावीत आहे. आतल्या भागात बॅटरी नाहीच. कानामागे चुंबकाने चिकटणारी कॉइल कातडीपलीकडे वीज आणि आवाज दोन्ही पोचवते. पुन्हा टाके घालावे लागले नाहीत, हे खरं. पण गेल्या महिन्यात कुर्ल्याला कुणाच्या तरी सॅकचा पट्टा लागून कॉइल निसटली. मी "उतर, उतर" ओरडतेय आणि ही नुसती माझ्या ओठांकडे बघतेय. गाडी सुटली, दोघी घाटकोपरला उतरलो. बॅटरी गेली नाही हो, फक्त बाहेर आली. पावसाळ्यात तिचे लाड वेगळेच.

वायरमन:
आणि बाहेरचा भाग बनवणाराच गेला तर? अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायच्या आर्गस २ या यंत्राला वीज चष्म्यातून जायची. सेकंड साइट कंपनीने २०१९ मध्ये ते बनवणं थांबवलं. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत ते बसवलेलं. चष्मा बिघडला की पुन्हा अंधार. बाबांची डबी निदान कंपनी बुडाली तरी धडधडत राहील.

चिंचपोकळीकर:
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बरं, कायमच्या पेसमेकरचं सोडा. पण बायपासनंतर ठोके सांभाळायला हृदयाला काही दिवसांपुरत्या लावतात त्या तारा? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२१ मध्ये बिनबॅटरीचा पेसमेकर दाखवला. काम झालं की काही आठवड्यांत शरीरातच विरघळतो, ओढून काढायला नको.

खडूस काका:
तो प्राण्यांवर. माणसांत आला की बोलू. आणि किंमत रुपयांत सांगा.

चिंचपोकळीकर:
बाबांना धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाले, "ती उशी कापसाची असते का रे?"