एच६१० बोर्डाच्या बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारा सेटिंग मेनू) साधा फॅन कर्व्हसुद्धा (तापमानानुसार फॅनचा वेग ठरवायची सोय) नाही, काही उपाय?

रात्रपाळी
मंडळी, महिन्यापूर्वी स्वतः पीसी जोडला, आय५ १२४०० प्रोसेसर आणि एच६१० चिपसेटचा (बोर्डाची मुख्य कंट्रोल चिप) सगळ्यात साधा मदरबोर्ड, म्हटलं पैसे प्रोसेसर आणि एसएसडीत घालू, बोर्डात काय एवढं असतं. आता रोज डोक्याला ताप झालाय. बायोसमध्ये फॅनला तीनच पर्याय, सायलेंट, स्टँडर्ड, फुल, आणि तेही फक्त सीपीयू फॅनला. केसचे दोन फॅन मशीन रिकामं बसलेलं असलं तरी फुल स्पीडला घोंघावतात आणि ते कमी करायला मेनूत एक ओळ नाही. रॅम ३६०० ची घेतली, एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायचं सेटिंग) ऑन केलं, बायोस अपडेट केलं, तरी ३२०० च्या वर जात नाही. व्होल्टेजचा तर विषयच नाही. माझ्या जुन्या मशीनमध्ये यापेक्षा जास्त सेटिंग होत्या म्हणून जास्त राग येतोय. हे चिपसेटमुळे आहे का बोर्डवाल्यांनीच दिलं नाही? रात्री काम करतो, घरचे त्याच खोलीत झोपतात, निदान आवाज तरी कमी व्हायला हवा.

सोल्डरगन
रॅमचं कारण चिपसेट आहे. एच६१० ला मेमरी ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत वेगाच्या वर रॅम चालवणं) इंटेलनेच दिलेलं नाही आणि १२४०० ची डीडीआर४ ची अधिकृत मर्यादा ३२०० आहे, त्यामुळे ती तिथेच थांबणार, कितीही अपडेट मारा. बी६६० चिपसेटवर रॅम वर चढवता येते, पण १२४०० चं सिस्टीम एजंट व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरला लागणारं) लॉक असतं म्हणून ३६०० गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) सगळ्यांकडे स्थिर चालतंच असं नाही. त्यामुळे त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. फक्त सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा रॅमचा वेग बघा, १६०० च्या आसपास दिसलं तर बरोबर आहे, डीडीआर म्हणजे त्याच्या दुप्पट. १३३३ दिसलं तर एक्सएमपी लागलेलंच नाही, रॅम २६६६ वर चालतेय.

फॅनच्या बाबतीत मात्र तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. फॅनचा चिपसेटशी संबंधच नाही, ते काम बोर्डावरची सुपर आयओ चिप करते, बहुतेक वेळा नुवोटॉनची नाहीतर आयटीईची, आणि कर्व्ह वगैरे त्या चिपला आरामात जमतं. म्हणजे बोर्डावर सोय आहे पण मेनूत दिलेली नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, यात पार्टचा खर्च वाचत नाही, फक्त महागडा बोर्ड वेगळा दिसावा एवढंच.

केसचे फॅन ३ पिनचे आहेत का ४ पिनचे?

रात्रपाळी
आत्ता केस उघडून बघितलं, ३ पिन आहेत दोन्ही. केससोबतच आले होते. सीपीयू-झेडमध्ये १५९६ दाखवतंय म्हणजे रॅम ठीक आहे बहुतेक.

सोल्डरगन
मग तेच कारण दिसतंय. ३ पिन फॅनचा वेग फक्त व्होल्टेज कमी करून कमी होतो, ४ पिनला चौथ्या वायरवरून पीडब्ल्यूएम सिग्नल (वेग किती ठेवायचा ते सांगणारा) जातो. तुमच्या बोर्डाचं केस फॅनचं हेडर (फॅन जोडायच्या पिना) फक्त पीडब्ल्यूएमचं असेल तर ३ पिन फॅनला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळणार, तो बिचारा हळू कसा फिरेल.

मंद_वारा
माझ्याकडे असाच प्रकार होता. विंडोज असेल तर फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, ते थेट सुपर आयओ चिपशी बोलतं, बायोसमध्ये कर्व्ह नसला तरी तिथे काढता येतो. लिनक्सवर असाल तर एलएम-सेन्सर्स टाका, नुवोटॉनची चिप असेल तर बऱ्याचदा एनसीटी६७७५ ड्रायव्हर चालतो. आणि एक, कर्व्ह काढताना फॅन उशिरा वर-खाली होईल असं ठेवा, कारण ब्राउझर उघडला तरी सीपीयूचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि फॅन सारखा वर-खाली झाला की तो आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो, झोपलेल्या माणसाला तर नक्कीच. ३ पिनचं मात्र सॉफ्टवेअरने होईलच असं नाही, बोर्डावर व्होल्टेज बदलायचं सर्किटच नसेल तर काही उपयोग नाही.

जुनाट_बायोस
कोणीतरी लपवलेले मेनू उघडायचं सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, करू नका. बायोसच्या फाइलमध्ये बऱ्याच सेटिंग लपवलेल्या असतात हे खरंय, मी पण एक व्हॅल्यू बदलायला गेलो होतो, चुकीच्या जागी लिहिली गेली आणि बोर्ड डिस्प्लेच देईना. शेवटी क्लिपवाला प्रोग्रामर लावून चिप परत लिहावी लागली, दोन आठवडे त्यात गेले. फॅनच्या आवाजासाठी एवढा धोका नको. पुढच्या वेळी बोर्ड घेण्याआधी त्याचं मॅन्युअल उतरवून बायोसचा भाग वाचा, फॅनच्या पानावर तीन प्रीसेट आहेत का पूर्ण कर्व्ह ते लगेच कळतं, बॉक्सवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रात्रपाळी
फॅनकंट्रोल टाकलं. सीपीयू फॅन मस्त ऐकतोय, ५५ अंशांपर्यंत जवळजवळ आवाजच नाही. केसच्या फॅनवर काहीच फरक नाही, म्हणजे हेडर पीडब्ल्यूएमचंच निघालं. पुढचा फॅन तात्पुरता काढून ठेवलाय, फक्त मागचा चालू आहे आणि तासभर रेंडर लावून पण सीपीयू ७० च्या आत राहिला. दोन ४ पिन फॅन मागवतोय, बोर्डावर केस फॅनचं हेडर एकच आहे म्हणून स्प्लिटर (एका हेडरला दोन फॅन जोडणारी वायर) पण घेतो.