जुन्या ॲम्प्लिफायरच्या मीटरचा काटा अडकायलाय, मीटर बदलावं का?

गोदाकाठ (नांदेड):
राम राम मंडळी. मामा सौदीला होते तेव्हा त्यांनी आणलेला जपानी ॲम्प्लिफायर आता माझ्याकडं आलाय, 70 च्या दशकातला, समोर आवाजाची पातळी दाखवणारे दोन मोठे काट्याचे मीटर, मागून पिवळा लाईट, बघतच बसावं असा. इतके वर्षं माळ्यावर पोत्यात बांधून पडलेला. पुसून-बिसून लावला तर आवाज लई भारी, पण डाव्या मीटरचा काटा -10 पाशी गेला की तिथंच अडकायलाय, काचेवर टिचकी मारली की सुटतो अन् थोड्या वेळानं परत तेच. उजवा मस्त नाचतो. दुसरं, रात्री आवाज बारीक करून ऐकत बसलं की डावा स्पीकर हळूच गायब होतो, व्हॉल्यूम जोरात फिरवला की टक्कन परत येतो. गावात एका मेकॅनिकला दाखवला तर तो म्हणे मीटर गेलंय, दोन्ही काढून एलईडीची पट्टी बसवू. मी म्हणलं राहू द्या. सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर हाय, पण असल्या मीटरला कधी हात लावला नाही. हैदराबादला कोठीत, गुजराती गल्लीत असला मीटर मिळंल का?

सिरीज_बोर्ड (लातूर):
एलईडी पट्टीचं आधी डोक्यातून काढा. मीटर गेलं असतं तर काटा हललाच नसता, टिचकीनं सुटतो म्हणजे आतली कॉईल (काटा हलवणारी तारेची गुंडाळी) जिवंत आहे, आणि सेम मीटर कोठीत काय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पण सहजी मिळायचा नाही, स्केल अन् साईज जुळतच नाही.

पुसलं कशानं ते सांगा. कोरड्या फडक्यानं घासलं का? ती काच नसते, ॲक्रिलिक प्लास्टिक असतं, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी की नुसतं घासलं तरी त्यावर स्टॅटिक चार्ज बसतो, काटा वजनाला काहीच नसतो, जातो ओढला तिकडं. आमच्याकडचा एक मीटर पावसाळाभर नीट चालायचा अन् उन्हाळा आला की रुसायचा. बघायची रीत सोपी आहे, काटा अडकलेला असताना ॲम्प्लिफायर बंद करा अन् तोंड जवळ नेऊन काचेवर हाऽ करून वाफ सोडा, काटा आपोआप खाली आला तर स्टॅटिकच. मग भांडे घासायच्या लिक्विडचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून मऊ कापड घट्ट पिळून पुसा अन् तसंच वाळू द्या, परत कोरडं घासू नका. थिनर-पेट्रोल तर अजिबात नको, ॲक्रिलिकला तडे जातात.

वाफेनं फरक नाही पडला तर दोन्ही मीटरच्या वायरी अदलाबदल करा (प्लस-मायनस बघून). खराबी त्याच मीटरवर राहिली तर मीटरमधे दोष, दुसऱ्या मीटरवर गेली तर सर्किट, तिथले डायोड अन् छोटे कॅपॅसिटर बघायचे. खोलताना प्लग काढलेला पाहिजे अन् मोठे फिल्टर कॅपॅसिटर रिकामे करून घ्या (प्लग काढला तरी त्यांच्यात चार्ज राहतो), त्यांच्या दोन टोकांना 1 किलोओम 5 वॅटचा रेझिस्टर मिनिटभर लावून धरा, पेचकस टेकवून ठिणग्या पाडायची हौस नको.

बीडचा_डीजे:
भाऊ एवढी खटपट कामून करायलाव, मीटरवर आवाज थोडाच चालतो, वायर काढून टाका अन् गाणे ऐका 😄

गोदाकाठ:
डीजे भौ, काटे नाचत नसतील तर मग ब्लूटूथ स्पीकर काय वाईट होता 🙂
सर, कोरड्या फडक्यानंच पुसलं होतं हे खरं, पण वाफेनं काहीच झालं नाही. वायरी बदलल्या, तरी तोच मीटर अडकतो, अन् दर वेळी त्याच जागी.

काटा_शून्यावर (उदगीर):
त्याच जागी म्हणजे आत काहीतरी आडवं येतंय. मीटर बाहेर काढून 1.5 व्होल्टचा सेल, 2.2 किलोओम अन् त्याच्या मागं 100 किलोओमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) असं सिरीजमधे जोडा, पॉट पूर्ण वर ठेवून सुरू करा अन् हळूहळू कमी करत काटा चढवा. थेट सेल लावू नका, काट्याच्या मल्टिमीटरची ओहम रेंज पण लावू नका, हे मीटर काही शे मायक्रोॲम्पियरचे असतात, कॉईल जळून जाईल. उभा, आडवा, पालथा (तोंड खाली) असा धरून बघा. पालथा धरल्यावर सुटला तर काटा डायलला घासतोय, मागच्या बल्बच्या उष्णतेनं डायल फुगते कधीकधी. कसाही धरला तरी तिथंच थांबला तर चुंबक अन् कॉईलच्या फटीत लोखंडाचा कण बसलाय.

खोलायचं तर टेबलवर आधी पांढरा कागद अंथरा, जिथं कानस चालवली त्या टेबलवर तर नकोच, चुंबक सगळा कीस ओढून घेतो. टॉर्च तिरपी धरली की कण केसासारखा उभा दिसतो. टूथपिकला चिकटपट्टीची बारीक कातरण उलटी गुंडाळा अन् फटीत घालून उचला. लोखंडी चिमटा नको, स्प्रिंगला धक्का नको, आणि तेल तर एक थेंब पण नाही, बरेच जण तेल टाकतात अन् धूळ चिकटून मीटर कायमचा बसतो.

सिरीज_बोर्ड:
डाव्या स्पीकरचा मीटरशी काही संबंध नाही. बारीक आवाजात जातो अन् वाढवला की येतो म्हणजे स्पीकर प्रोटेक्शनचा रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच), चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी टक वाजतो ना, तोच. कॉन्टॅक्ट काळे पडलेत. जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमधे बुडवून मधून ओढली तर तात्पुरतं भागतं, पॉलिश पेपर मारू नका, वरचा चांदीचा थर जातो. खरा इलाज नवीन रिले, कॉईलचा व्होल्टेज जुन्यावर छापलेला असतो, तेवढाच घ्या अन् पायांची जागा जुळवून बघा.

गोदाकाठ:
निघाला! डोळ्याला दिसना इतका बारीक कण, पट्टीवर आल्यावर कळलं. आता काटा खालून वर सरसर जातो. रिलेवर 24 व्होल्ट छापलंय, मागवतो. मागं व्होल्टेजचं सिलेक्टर हाय, मामानं 220 वर ठेवलेलं, तसंच राहू देऊ का?

सिरीज_बोर्ड:
240 वर करा, प्लग काढून. रात्री शेतातले पंप बंद झाले की तुमच्याकडं व्होल्टेज किती चढतं ते एकदा मोजून बघा.