सलग सहा वेळा काळा आला, आता लाल येणारच? (मेव्हण्याच्या एक्सेल शीटबद्दल प्रश्न)

शंकेखोर

मेव्हण्याने रूलेटसाठी (कॅसिनोतलं ते लाल-काळ्या आकड्यांचं चाक, ज्यात गोळी फिरते) एक एक्सेल शीट बनवली आहे. लालवर १० लावायचे, हरलं की २०, मग ४०, असं दुप्पट करत जायचं. जिंकलं की आधीचं सगळं भरून निघतं, वर १० सुटतात, की पुन्हा १० पासून सुरू. शीट त्याने बऱ्याचदा चालवून पाहिली आणि बहुतेक वेळा आलेख वरच जातो. आता तो म्हणतोय, निम्मे पैसे तू घाल. काहीतरी गोम आहे हे कळतंय, पण बोट ठेवता येत नाही, आणि "मला पटत नाही" एवढ्यावर तो ऐकणाऱ्यातला नाही.

शिवाय त्याचे आणखी ठाम सिद्धांत आहेत. सलग सहा वेळा काळा आला की लालवर मोठी रक्कम लावायची. ज्या स्लॉट मशीनने बराच वेळ काही दिलेलं नाही, तिच्यावरच बसायचं. ब्लॅकजॅकला (पत्त्यांचा खेळ, २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायचे) शेवटच्या खुर्चीवर कच्चा लिंबू असेल तर तिथे खेळायचं नाही, तो सगळ्यांची पानं बिघडवतो. यातलं किती खरं? कुणी आतून पाहिलं असेल तर जरूर लिहा. "जुगार वाईट" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते माहीत आहे.

तिरकस_तिर्री

सिस्टीम इतकी पक्की आहे तर त्याला तुमचे निम्मे पैसे कशाला हवेत?

पूर्वी_डीलर

आतून पाहिलंय. रूलेट आणि ब्लॅकजॅकच्या टेबलावर बरीच वर्षं डीलर होते, म्हणजे कॅसिनोच्या बाजूने पानं वाटणारी, चाक फिरवणारी. जरा लांबड लावते, वाचा.

आधी ते दुप्पटवालं. त्याला मार्टिंगेल म्हणतात. भरपूर जुनं आहे, तरी ते आपणच शोधून काढलंय अशा थाटात रोज कुणी ना कुणी टेबलावर यायचं. त्यांना कुणीही अडवायचं नाही. काही जण तर खिशातून आकडेमोडीचा कागद काढून टेबलाच्या कडेला ठेवायचे, त्यालाही आमची ना नव्हती.

शीट उघडा आणि दोन गोष्टी तपासा. त्याने लाल येण्याची शक्यता निम्मी धरली आहे का? एक शून्य असलेल्या चाकावर ३७ खाने असतात, त्यातले लाल १८, काळे १८ आणि एक शून्य, ते ना लाल ना काळं. म्हणजे हरण्याची शक्यता ३७ पैकी १९. (दोन शून्यांचं चाक असेल तर ३८ पैकी २०, तिथे तर बसूच नका.) दुसरी गोष्ट, टेबलाची कमाल मर्यादा त्यात घातली आहे का? समजा १० पासून सुरुवात आणि मर्यादा १०००. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४० अशा सात पैजा होतात. सातवी हरली की १२७० गेले, आणि पुढची १२८० ची पैज टेबल घेतच नाही.

सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ त एक. वाटायला किरकोळ. पण १०५ वेळा दहा-दहा मिळाले तर जमतात १०५०, आणि त्या एका वेळेला जातात १२७०. सरासरीने २२० चा खड्डा. आता आलेख वर का जातो ते बघा. अशा ५० मालिका चालवल्या तर दहापैकी सहा वेळा तो खड्डा त्यात येतच नाही. तुमच्या मेव्हण्याने शीट थोडी-थोडी चालवून चांगले दिसणारे आलेख लक्षात ठेवले असणार.

यावर लोक म्हणतात, मर्यादा घालून कॅसिनो लबाडी करतं, नाहीतर आम्ही जिंकलोच असतो. चूक. त्या १०६ मालिकांमध्ये लावलेल्या सगळ्या पैजांची बेरीज केली तर सरासरी ८००० च्या आसपास भरते. तिचे २.७ टक्के काढा. जवळजवळ तोच खड्डा येतो, २१७. हे २.७ म्हणजे ३७ त एक, चाकावरच्या शून्याचा हिस्सा. तुम्ही पैजा चढत्या लावा, उतरत्या लावा, तिथीवार बघून लावा, कॅसिनोचा हिस्सा निघतो तो लावलेल्या एकूण पैशावर. मार्टिंगेल हरणं पुढे ढकलतं आणि मग सगळं एका हप्त्यात वसूल करतं.

सलग सहा काळे. गोळीला मागचं काही आठवत नाही, सातव्या वेळीही लाल १८ छेद ३७ च. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळा आला होता. आता तरी लाल येईल म्हणून लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि धुपले. चाकाशेजारी आधी आलेले आकडे दाखवणारा जो पाटा उजळलेला असतो ना, तो कॅसिनोनेच पदरचे पैसे घालून लावलेला असतो. तुमच्या फायद्याचा असता तर लावला असता का?

आणि आता मला खरं जे सांगायचं आहे ते. आमचा सुपरवायझर पाळी संपल्यावर कोण जिंकलं हे फारसं विचारायचा नाही. तो विचारायचा, तासाला किती डाव काढलेस. आमचं सगळं शिक्षण त्यासाठीच. हरलेल्या चिपा हाताच्या एका झाडूने कशा ओढायच्या, वीस-वीसच्या चळती न मोजता बोटांनी कशा कापायच्या, आकड्यावर खूण ठेवताक्षणी मनात पैसे कसे जुळवायचे. एखादं गिऱ्हाईक मोठी रक्कम जिंकलं तरी मॅनेजरच्या कपाळावर आठी नसायची. टेबल रेंगाळलं की मात्र लगेच दिसायची.

कारण हिशोब साधा आहे: पैज गुणिले कॅसिनोचा टक्का गुणिले डावांची संख्या. रूलेटवर दर फेरीला १० लावले, तासाला ४० फेऱ्या झाल्या, तर सरासरी खर्च तासाला ११ च्या आत. स्लॉटवर फक्त १ लावताय, पण तासाला ६०० वेळा बटण दाबताय आणि मशीन ८ टक्के कापतंय असं धरलं, तर तासाला ४८. पैज दहावा हिस्सा, खर्च चौपटीहून जास्त. लोक पैज किती लावायची यावर डोकं लढवतात, घड्याळाकडे कुणी बघत नाही. त्या हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ नव्हतंही.

शंकेखोर

बाप रे, धन्यवाद. शीट उघडली. त्याने खरंच ५०-५० धरलंय, शून्याचा पत्ताच नाही. स्लॉटचं काय पण? बराच वेळ न दिलेलं मशीन "पिकलेलं" असतं असं तो म्हणतो.

बटणदाब्या

स्लॉटचं मी सांगतो, प्रोग्रामर आहे. मशीनच्या आत आकडे पाडणारा प्रोग्राम सतत चालूच असतो, कुणी खेळत नसतानाही. बटण दाबलं त्या क्षणाला जो आकडा हाताशी आला त्यावर निकाल ठरतो. चक्रं फिरतात ती नंतरची शोभा. त्यामुळे मशीन पिकत नाही, आणि नुकताच जॅकपॉट दिला म्हणून रिकामंही होत नाही.

"जरासाठी हुकलं" याचीही गंमत आहे. १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. चक्रावर दिसणाऱ्या जागा थोड्या, पण आतल्या यादीत आकडे त्याहून कितीतरी जास्त, आणि कुठल्या जागेला किती आकडे द्यायचे ते बनवणारा ठरवणार. जॅकपॉटच्या चिन्हाला एखादाच आकडा, त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना भरपूर, अशी मांडणी करता येते. मग चिन्ह सारखं रेषेच्या एक घर वर नाहीतर एक घर खाली थांबताना दिसतं. माणसाला वाटतं, जवळ आलो.

आणखी एक. "९२ टक्के परतावा" वाचून लोकांना वाटतं १०० नेले तर ९२ घेऊन परत येऊ. ते ९२ दर फेरीच्या पैजेवर असतात हो! आलेले ९२ पुन्हा मशीनमध्येच जातात, त्याचे ८४.६४ होतात, असं दहा वेळा फिरवलं की सरासरी ४३ उरतात.

प्रमेय

@पूर्वी_डीलर यांचं सगळं बरोबर, फक्त "छोट्या पैजा म्हणजे शहाणपणा" हा जो समज त्यातून होईल, त्याला एक पुरवणी. हेतू काय यावर ते अवलंबून आहे. १०० चे २०० करायचेच असतील, एक शून्याच्या चाकावर, तर तीन रस्ते बघा. सगळे १०० एकदम लालवर लावले तर शक्यता ४८.६ टक्के. दहा-दहा लावत गेलात तर ३६.८ टक्के. एक-एक लावत गेलात तर ०.४५ टक्के, म्हणजे सुमारे २२४ त एक.

मला स्वतःला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा गणित तीनदा तपासावंसं वाटलं. पण कारण त्यांनीच दिलंय: जितके डाव जास्त, तितक्या वेळा तो हिस्सा कापला जाणार. सावधपणे, चिकाटीने दुप्पट करायला निघालेला माणूस जवळजवळ नक्की बुडतो.

पूर्वी_डीलर

@प्रमेय, गणित मान्य. पण एकदा लावून, जिंकून, उठून गेलेला माणूस टेबलावर क्वचितच पाहिला. उठला तरी कॉफी पिऊन परत यायचा. मी छोट्या पैजा म्हणते ते ज्याला संध्याकाळ घालवायची आहे त्याच्यासाठी. नाटकाच्या तिकिटासारखा तो खर्च धरायचा आणि तो कमीत कमी कसा होईल ते बघायचं.

@शंकेखोर, शेवटच्या खुर्चीचं राहिलंच. त्या खुर्चीवरून जेवढ्या शिव्या ऐकल्या तेवढ्या कशावरून ऐकल्या नाहीत. त्याने नको तेव्हा पान घेतलं, मग माझ्याकडे आलेल्या पानाने मी २१ केले, की अख्खं टेबल त्याच्यावर उखडायचं. पण पुढचं पान कुठलं हे कुणालाच माहीत नसतं. त्याच्या चुकीमुळे डीलर जितक्या वेळा वाचतो तितक्याच वेळा फुटतोही (२१ च्या वर जाऊन हरतो), फक्त तेव्हा कुणी त्याला चहा पाजत नाही. तसंच, जिंकणाऱ्याचं नशीब फिरवायला डीलर बदलतात म्हणे! आमची अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांतीची पाळी असायची. जाताना रिकामे तळहात वर-खाली करून कॅमेऱ्याला दाखवायचे आणि चालू पडायचं.

डोकं चालवायचंच असेल तर ब्लॅकजॅकला चालवावं. कुठल्या हाताला काय करायचं याचा तक्ता १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर बसून काढला आणि प्रसिद्ध केला. तो तक्ता पाठ करून खेळलात आणि नियम बरे असले तर कॅसिनोचा हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पानं मोजणं, म्हणजे आधी निघून गेलेली पानं लक्षात ठेवून पैज ठरवणं, हा वेगळा विषय आहे. ते गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये जगाला दाखवलं. चालतं, पण जमणारे थोडे, आणि जमतंय असं दिसलं की तुम्हाला दार दाखवतात.

शंकेखोर

"नियम बरे" म्हणजे नेमकं काय बघायचं?

पूर्वी_डीलर

बसायच्या आधी टेबलावरच्या कापडाची छपाई वाचा. ब्लॅकजॅक लागला (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) तर ३ ला २ देतात की ६ ला ५? १० च्या पैजेवर पहिल्यात १५ मिळतात, दुसऱ्यात १२. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा लागतो, तेव्हा एवढ्या एका ओळीने कॅसिनोचा हिस्सा जवळपास १.४ टक्क्यांनी चढतो. तक्ता पाठ करून जे कमावलं ते सगळं गेलं.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. डीलरचा एक्का उघडा पडला की आम्ही हात फिरवून विचारायचो, "इन्शुरन्स?" आणि हातात चांगली पानं असलेली माणसं हमखास घ्यायची, चांगला हात जपायचा म्हणून. ती मूळ हाताची राखण नसते, वेगळीच पैज असते, झाकलेलं पान दहाच्या किमतीचं निघेल अशी. सहा कॅटमधून तो एक्का वजा केला तर ३११ पानं उरतात, त्यात दहाच्या किमतीची ९६. मिळतात एकाला दोन, म्हणजे नुसती बरोबरी व्हायलाच ती १०४ तरी हवीत. सात टक्क्यांहून जास्त तोटा. नाही म्हणा, हात कितीही देखणा असो.

बॅकरॅटला (पत्त्यांचाच खेळ, 'प्लेअर' आणि 'बँकर' या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल त्यावर पैज) जायचं झालं तर बँकरवर लावा, कॅसिनोचा हिस्सा १.०६ टक्के. टायला, म्हणजे बरोबरीला, एकाला आठ देतात तिथे १४ टक्क्यांच्या वर कापतात. चौकट मात्र तीच सगळ्यात ठसठशीत रंगवलेली असते.

शंकेखोर

मेव्हण्याने त्याला कुठे खेळायचंय त्या टेबलाचा फोटो मागेच पाठवला होता. आत्ता मोठा करून बघितला. ६ ला ५ लिहिलंय, आणि मागच्या रूलेटच्या पाट्यावर शून्याखाली अजून एक दुहेरी शून्य दिसतंय.

तिरकस_तिर्री

त्याला या धाग्याची लिंक पाठवा. आणि शीटमध्ये शून्य घातल्यावर आलेखाचं काय झालं ते इथे टाका.