मदत हवी आहे: बोअरच्या जड पाण्यात स्वेटरचा फेल्ट एकसारखा होत नाही

लातूरकडे जुन्या लोकरी स्वेटरचा फेल्ट (गरम पाण्यात घासून, आटवून घट्ट केलेली लोकर) करून पिशव्या आणि भांड्याखालच्या चकत्या शिवायच्या आहेत. स्वेटर पारखूनच घेतलेत: धागा जाळल्यावर केस जळल्याचा वास आणि चुरडणारी राख आली तेच ठेवले, कडक गोळी झाली ते ॲक्रिलिक म्हणून बाजूला काढले. सुपरवॉश लोकरही वगळली. तिच्या तंतूंवरचे खवले झाकलेले किंवा काढलेले असतात, त्यामुळे ती आटत नाही.

मशीन सेमी ऑटोमॅटिक. टब प्लास्टिकचा, म्हणून बंबातलं पाणी ५० अंशांच्या आसपासच ठेवतो. स्वेटर उशीच्या अभ्र्यात बांधलेला (नाहीतर पाइपात लोकर तुंबते), घासायला सोबत दोन जुन्या जीन्स.

अंगाचा भाग छान घट्ट होतो. काखेजवळ आणि शिवणीलगत मात्र वीण मोकळी राहते, कात्री लावली की तिथूनच उसवते. वर साबणाचा फेस येत नाही, पांढरा चिकट साका बसतो.

धुण्याचा सोडा घातला तर पाणी मऊ होईल, पण जास्त झाला तर लोकर कमजोर पडते. २० लिटरला नेमका किती घालता? की साबण सोडून एन्झाइम नसलेलं लिक्विड डिटर्जंट बरं? शिवणी आधीच उसवून तुकडे सुटे टाकावेत का?

आणि जाता जाता: घोंगडीचे तुकडे या फेल्टला फेल्टिंगच्या सुईने (टोचून तंतू एकमेकांत गुंतवून) धरतात का? ती लोकर फार राठ असते, म्हणून शंका.