गहाण, तारण आणि नजरगहाण

प्रश्न : कर्जाच्या कागदपत्रांचं मराठी करते आहे. घरासाठी ‘गहाण’ लिहिलं, सोन्यासाठी ‘तारण’. गाडीपाशी अडले, तिथे ‘हायपोथिकेशन’ आहे. सरसकट ‘तारण’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : नका लिहू. तारण म्हणजे ज्याच्या भरवशावर कर्ज मिळतं ती वस्तू. गहाण हा त्या वस्तूवर झालेला व्यवहार. घर तारण दिलं जातं, गहाणखत त्या घराचं होतं. (कर्जदारासाठी माणूस उभा राहिला तर तो जामीन. त्याला तारण म्हणत नाहीत.) ‘सोनेतारण’, ‘वाहनतारण’ ही कर्जांची नावं झाली, त्यांवरून ताबा कोणाकडे ते कळत नाही. आणि तुमच्या मजकुरात नेमकं तेच कळायला हवं.

‘गहाण’ आला ‘ग्रहण’वरून, म्हणजे मुळात घेणं, धरणं. सोनं ठेवलं की ते खरोखर कर्ज देणाऱ्याच्या तिजोरीत जातं. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 172 याच व्यवहाराचं, जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या मालाचा ताबा देऊन केलेल्या गहाणाचं. गाडीचं तसं नाही. ती कर्जदारच चालवतो, हक्काची नोंद फक्त आरसी बुकात होते आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म 35 भरून ती नोंद काढून घ्यावी लागते. याला मराठीत सुरेख शब्द आहे, नजरगहाण. वस्तू तुमच्याकडे, नजर कर्ज देणाऱ्याची. सहकारी बँकांच्या कागदांत तो आजही दिसतो. तोच वापरा.

जमीन-घराचं गहाण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात येतं. त्यातले सहाही प्रकार इथे मांडत नाही. ताबा देऊन केलेलं ते कब्जेगहाण. त्यात गहाण घेणारा जमीन कसतो किंवा भाडं खातो आणि ते उत्पन्न व्याजात, मुदलात किंवा दोन्हींत वळतं होतं. नुसते हक्काचे कागद ठेवूनही गहाण होतं, शहरांतली पुष्कळ गृहकर्जं अशीच असतात.

‘मुदत खरेदी’पाशी मात्र जपून. दस्त दिसतो विक्रीचा, पण ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, अशी अट असते. ती अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण ठरू शकतो, असं याच कायद्यात 1929 च्या दुरुस्तीने घातलं. अट वेगळ्या कागदावर गेली की कायद्याच्या लेखी ते गहाण राहत नाही. म्हणून अनुवादात ‘खरेदी’ एवढंच लिहून ‘मुदत’ गाळू नका. त्या एका शब्दावर कुणाची तरी जमीन टिकून असते.

प्रश्न : नजरगहाण पटलं. ‘रिडेम्प्शन’ला ‘विमोचन’ लिहू का?

उत्तर : कायद्याच्या मराठीत तो शब्द आहे, चुकीचा नाही. पण कर्जदाराला वाचायला द्यायच्या कागदात ‘गहाण सोडवणे’ लिहा. जमीन सोडवली, दागिने सोडवले असंच लोक म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 60 मधला हक्कही तोच : देणं फेडून आपली मिळकत सोडवून घेण्याचा. आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त जे चढतं त्याला ‘बोजा’च म्हणा, भार वगैरे नको. कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरत नाही, कमी करून घ्यावा लागतो. त्या ओळीचं मराठी करताना ‘बोजा कमी करणे’ हेच ठेवा, तलाठ्यापुढे गेल्यावर तेच शब्द कानी पडतात.