बटणं बदलायची घाई नको
डिझाइन सिस्टीमच्या (बटणं, रंग, अक्षरं यांच्या सामाईक संचाच्या) नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात सगळी बटणं एकसारखी करून दाखवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : थोडं थांबा.

लोअर परळच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली तयार घटकांची लायब्ररी उघडण्याआधी मी डेव्हलपरांच्या शेजारी जाऊन बसायचे. एका पडद्यावरचं मुख्य बटण वेगळंच होतं. चूक वाटली, पण विचारल्यावर कळलं की उंची मुद्दाम वाढवलीय; ठरलेल्या लाइन-हाइटमध्ये (ओळीच्या उंचीत) 'आर्थिक'मधला रफार वरून कापला जात होता. ती दुरुस्ती मी मूळ कंपोनंटमध्येच (सगळीकडे वापरायच्या बटणाच्या साच्यातच) घेतली आणि ज्याने ती शोधली त्याचं नाव बदलांच्या नोंदीत लिहिलं. त्यानंतर तो स्वतःहून अडचणी सांगायला लागला.

रंगांवर आवडीनिवडीचा वाद घालू नका. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. मोजून दाखवा.

आणि टोकनचं (रंग, अंतर अशा ठरलेल्या मूल्याचं) जुनं नाव एकदम काढू नका, काही रिलीज जुनं-नवं दोन्ही चालू द्या. मी घाई केली होती. शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या टीमचा बिल्ड (कोडपासून अ‍ॅप तयार होणं) मोडला, दोघं जण रात्री उशिरापर्यंत थांबले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.